दहापैकी सात : ऋण संख्यांच्या एका उत्तरपत्रिकेचा प्रकरण अभ्यास

सातवीचा वर्ग, मराठी माध्यम. पूर्णांक संख्यांची बेरीज-वजाबाकी सहावीतच झालेली आणि गुणाकार-भागाकाराचे प्रकरण नुकतेच संपलेले. त्यावर दहा उदाहरणांची छोटी चाचणी घेतली. एका मुलीने लिहिलेली उत्तरे अशी :

१) −७ + ४ = −३
२) ५ + (−८) = −३
३) −३ − ५ = ८
४) ४ − ९ = −५
५) −३ − (−५) = २
६) २ − (−६) = ८
७) −४ + (−३) = ७
८) (−४) × (−३) = १२
९) (−४) × ३ = −१२
१०) −६ − २ + ५ = १३

तिसरे, सातवे आणि दहावे चुकले, बाकी सात बरोबर. पेपरावर शेरा पडला, "चिन्हांकडे लक्ष दे." असा शेरा शेकडो वह्यांत सापडतो आणि त्याने काही बदलत नाही, कारण ही मुलगी चिन्हांकडेच तर लक्ष देते आहे. निष्काळजीपणाची चूक कुठेही होते. इथे तिन्ही चुका एकाच साच्यातल्या आहेत : दोन वजाची चिन्हे दिसली की आकड्यांची बेरीज करायची आणि उत्तर धन लिहायचे. वर्गात अवघड समजले जाणारे पाचवे उदाहरण बरोबर आणि त्याच्यापेक्षा सोपे तिसरे चूक, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे. पाचवे आणि सहावे समजून सोडवलेले नाही. तिथे दोन वजा शेजारी-शेजारी आहेत, त्या दोहोंचे मिळून अधिक केले की −३ + ५ आणि २ + ६ उरते, म्हणून तिच्या हातातला नियम योगायोगाने लागू पडला.

खात्रीसाठी तिला पेपर समोर ठेवून विचारले गेले.

"तिसरे कसे सोडवलेस?"

"बाई, वजा वजा अधिक. तीन नि पाच आठ. म्हणून अधिक आठ."

"बरं. आता कागद बाजूला ठेव. फ्रीझरचं तापमान ऋण तीन आहे. ते आणखी पाच अंशांनी उतरलं. किती झालं?"

"ऋण आठ." उत्तर लगेच आले.

"मग तिसऱ्या उदाहरणात काय विचारलंय?"

ती थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिली. "हेच विचारलंय. पण मग नियम?"

म्हणजे संख्या कळतात, उतरणे-चढणे कळते. कागदावर मात्र नियम मध्ये येतो. तिची सहावीची वही पाहिली तर −२ + (−६) अशी उदाहरणे बरोबर होती. गुणाकाराच्या प्रकरणात "ऋण गुणिले ऋण बरोबर धन" पाठ झाले, बोलता बोलता त्यातला "गुणिले" गळाला आणि "वजा वजा अधिक" एवढेच उरले. या तीन शब्दांत क्रिया कोणती याचा पत्ताच नाही. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात धन, ऋण आणि शून्य यांचे नियम मांडले, तेव्हा बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार असे प्रत्येक क्रियेचे नियम वेगळे दिले. दोन ऋणांची बेरीज ऋण, दोन ऋणांचा गुणाकार धन, अशी दोन स्वतंत्र विधाने. घोषवाक्याच्या सोयीसाठी आपण ती एकत्र कोंबतो आणि त्याचे मोल सातवीत चुकवतो.

उपाय चार तासिकांचा ठरला. पहिल्या तीन तासिकांत एकही नियम फळ्यावर लिहायचा नाही. बोलण्यातही एक शिस्त पाळायची : संख्या असेल तर "ऋण पाच", क्रिया असेल तर "वजा पाच". −३ − (−५) हे "ऋण तीन वजा ऋण पाच" असेच वाचायचे.

पहिली तासिका : सोंगट्या

चार मुलांमागे कॅरमच्या सोंगट्यांचा एक संच घेतला. त्यात नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक राणी असते. राणी डबीतच ठेवली. पांढरी म्हणजे +१, काळी म्हणजे −१. हे आधीच ठासून सांगावे लागते, कारण गल्लीतल्या खेळात काळीचे दहा आणि पांढरीचे वीस गुण धरायची सवय असते. न सांगितल्यास एखादे मूल दोन काळ्या मिळून एका पांढरीची बरोबरी करते आणि पुढचे सगळे गणित बिघडते. (दोन रंगांची ही कल्पना जुनीच आहे. प्राचीन चीनमध्ये धन संख्यांसाठी लाल आणि ऋण संख्यांसाठी काळ्या गणनकाड्या वापरत.)

सोंगट्या नसल्या तर फोडलेले चिंचोके चालतात. फोडीची आतली बाजू पांढरी, पाठ तपकिरी. चिंचोक्याचा एक फायदा सोंगटीत नाही : तो उलटवता येतो. तीन तपकिरी मांडून तिन्ही उलटवले की −(−३) = ३ डोळ्यांसमोर होते. तोटा असा की बाकाला धक्का लागला तरी ते उलटतात, त्यामुळे खाली जाड कापड लागते.

सगळे काही एका गोष्टीवर उभे आहे. एक पांढरी आणि एक काळी मिळून शून्य. या जोडीला वर्गात "शून्य जोडी" म्हटले. कागदावर जे मांडले आहे त्यात शून्य जोडी घातली किंवा त्यातून काढली, तरी किंमत बदलत नाही. हे मुलांना पटकन मान्य होते, पण वापरता येत नाही. म्हणून पहिली दहा मिनिटे फक्त "चार वेगवेगळ्या प्रकारे ऋण दोन मांडा" एवढेच करून घेतले : दोन काळ्या, तीन काळ्या व एक पांढरी, चार काळ्या व दोन पांढऱ्या, पाच काळ्या व तीन पांढऱ्या. एका गटात पाच काळ्या आणि तीन पांढऱ्यांना "आठ" म्हटले गेले. ही नेहमीची चूक आहे. मूल किंमत न पाहता नग मोजते. त्यावर सांगण्यापेक्षा जोड्या हाताने बाजूला सारायला लावणे बरे.

बेरीज म्हणजे आणखी मांडणे. −४ + (−३) साठी चार काळ्या, त्यात तीन काळ्या. सात काळ्या. त्या मुलीने स्वतःच पेपरातले सातवे उत्तर खोडले.

वजाबाकी म्हणजे काढून घेणे, आणि खरी अडचण इथे आहे. −३ − ५ घ्या. मांडलेल्या आहेत तीन काळ्या, काढायच्या आहेत पाच पांढऱ्या. पांढरी एकही नाही. बहुतेक मुले इथे दोनपैकी एक करतात. काही जण पाच पांढऱ्या डबीतून आणतात आणि त्याच उचलून परत ठेवतात. उरतात तीन काळ्या, म्हणजे उत्तर −३. काही जण थेट पाच काळ्या मांडतात. दुसऱ्यांचे उत्तर बरोबर येते, पण वजाबाकीच्या जागी बेरीज का चालली ते त्यांना सांगता येत नाही. त्यांना थांबवायचे नाही, फक्त "काढल्या कुठे?" असे विचारायचे.

बऱ्याच ठिकाणी मुलांना शिकवले जाते की जेवढ्या कमी पडतात तेवढ्याच शून्य जोड्या आणा. −३ − (−५) मध्ये तीन काळ्या आहेत, दोन कमी पडतात, म्हणून दोन जोड्या आणायच्या. मग काळ्या पाच, पांढऱ्या दोन. पाच काळ्या काढल्या, दोन पांढऱ्या उरल्या. उत्तर २. बरोबर आहे, सोंगट्याही कमी लागतात. पण ही काटकसर महागात पडते, कारण प्रत्येक उदाहरणात किती जोड्या आणायच्या ते वेगळे निघते आणि हाताला कोणताच नमुना लागत नाही.

या वर्गात वेगळा दंडक ठेवला : जेवढे काढायचे तेवढ्या जोड्या आणायच्या, कमी पडोत वा न पडोत. −३ − (−५) साठी पाच जोड्या. आता पाहा.

सुरुवात : ●●●
पाच जोड्या आणल्या : ●●● ●●●●● ○○○○○
पाच काळ्या काढल्या : ●●● ○○○○○

मधली ओळ झाकली तर तीन काळ्यांमध्ये पाच पांढऱ्या मिळवल्या, एवढेच दिसते. म्हणजे ऋण पाच काढणे आणि धन पाच मिळवणे यांचा परिणाम एकच. तिसरे उदाहरणही याच रीतीने : तीन काळ्या, पाच जोड्या, पाच पांढऱ्या काढल्या. उरल्या आठ काळ्या. धन पाच काढणे म्हणजे ऋण पाच मिळवणे. "वजाबाकी म्हणजे विरुद्ध संख्येची बेरीज" हे पुस्तकातले वाक्य मुलांनी याच तासाला स्वतःच्या शब्दांत सांगितले. एका गटाने ते "काढायचं ते सोड, त्याचा उलटा टाक" असे मांडले. भाषा तीच राहू दिली.

वहीत सोंगट्या काढताना भरीव वर्तुळ म्हणजे काळी, पोकळ म्हणजे पांढरी. काढलेल्या सोंगट्यांवर रेघ मारायची, त्या खोडायच्या नाहीत. खोडल्यावर मधली पायरी नाहीशी होते आणि चूक कुठे झाली ते शोधता येत नाही.

दुसरी तासिका : संख्यारेषा

सोंगट्यांची मर्यादा लवकरच लक्षात येते. −३७ + ५२ मांडायला कोणाकडेही इतक्या सोंगट्या नसतात. शिवाय −८ लहान की −३, हे सोंगट्यांवर उलटेच दिसते, आठ काळ्यांचा ढीग मोठा म्हणून. क्रम आणि अंतर यांसाठी रेषाच हवी.

शाळेच्या व्हरांड्यात खडूने −१० ते +१० ची रेषा आखली. दोन खुणांमध्ये ४० सेंटिमीटर, म्हणजे एकूण वीस अंतरे, आठ मीटर. याहून जवळ खुणा घेतल्या तर मुलांची पावले दोन-दोन खुणा ओलांडतात. आकडे मुलांनीच लिहायचे. शून्याच्या डावीकडे −१० पासून लिहायला सुरुवात करणारी मुले हमखास निघतात आणि शून्याच्या शेजारी −१० येऊन बसतो. म्हणून शून्य आधी लिहायचे आणि तिथून दोन्ही बाजूंना जायचे.

रेषेवरची सर्वांत मोठी चूक मोजण्याची असते. −२ + ५ करताना मूल −२ वर बोट ठेवते आणि तिथेच "एक" म्हणते. पाच म्हणेपर्यंत ते २ वर पोचते, खरे उत्तर ३. खुणा मोजायच्या नाहीत, उड्या मोजायच्या. जमिनीवर चालताना ही चूक आपोआप कमी होते, कारण जागेवर उभे राहून कोणी "एक पाऊल" म्हणत नाही. वहीत मात्र उडीची कमान काढायला लावावी लागते.

वजाबाकीसाठी चालण्याची एक प्रसिद्ध रीत आहे : वजा आले की तोंड फिरवायचे, संख्या ऋण असली की उलट्या पावली चालायचे. −३ − (−५) मध्ये −३ वर उजवीकडे तोंड करून उभे राहायचे, वजासाठी डावीकडे वळायचे, ऋणासाठी पाच पावले मागे यायचे. २ वर पोचतो. मुलांना गंमत वाटते, पण ज्या मुलीसाठी हा खटाटोप चालला आहे तिच्या कामाची ही रीत नाही. तिला आधीच चिन्हांवरून हालचाल ठरवायची सवय आहे. तीच सवय इथे पायांना लागते.

तिला उपयोगी पडली ती अंतराची रीत. a − b म्हणजे b पासून a पर्यंत जायला किती आणि कोणत्या दिशेने चालावे लागेल. −३ − (−५) : ऋण पाचवरून ऋण तीनवर जायचे, दोन पावले उजवीकडे, +२. −३ − ५ : पाचवरून ऋण तीनवर, आठ पावले डावीकडे, −८. आइस्क्रीमच्या फ्रीझरमध्ये −१८ अंश आणि दुकानात ३२ अंश असतील, तर फरक ३२ − (−१८), म्हणजे १८ ने शून्यापर्यंत आणि पुढे ३२, एकूण ५०. इथे कोणीही १४ म्हणत नाही. दिशा चुकते ती "कुठून कुठे" उलट धरल्यामुळे. "ज्यातून वजा करतोय तिथे पोचायचंय" हे वाक्य रेषेच्या टोकाला लिहून ठेवले.

शेवटी मोठ्या संख्यांसाठी रिकामी रेषा. खुणा नाहीत, फक्त लागतील तेवढेच आकडे. −३७ + ५२ : −३७ पासून शून्यापर्यंत ३७ ची उडी, उरलेली १५ ची पुढची. उत्तर १५. ही रेषा पाटीवर दहा सेकंदांत काढता येते आणि बारावीपर्यंत उपयोगी पडते.

तिसरी तासिका : नियम त्याच्या जागी

आता गुणाकार. पुन्हा सोंगट्या, पण रिकाम्या कागदावर सहा शून्य जोड्या मांडून. ३ × (−२) म्हणजे दोन-दोन काळ्यांचे तीन गट आत टाकणे. (−३) × (−२) म्हणजे दोन-दोन काळ्यांचे तीन गट बाहेर काढणे. सहा काळ्या गेल्या, सहा पांढऱ्या उरल्या. +६. (−३) × २ मध्ये पांढऱ्या जातात, काळ्या उरतात. एका संचात नऊच जोड्या होतात, म्हणून चाचणीतले (−४) × (−३) एका संचात मावत नाही. दोन गटांना संच एकत्र करावे लागले.

"ऋण गट काढणे" ही कल्पना थोडी ओढूनताणून आणलेली वाटते, आणि काही मुलांना तसे वाटले तर ते बरोबरच आहे. त्यांच्यासाठी आलेख कागद. दहा बाय दहा चौकोनांचा तुकडा, शंभर घरे. उजवीकडची दोन घरे रुंदीची उभी पट्टी रंगवा, २० घरे. खालची तीन घरे उंचीची आडवी पट्टी रंगवा, ३० घरे. न रंगवलेला भाग ८ × ७, म्हणजे ५६. आता हिशेब करा : १०० − २० − ३० = ५०. सहा घरे कुठे गेली? कोपऱ्यातला दोन बाय तीनचा तुकडा दोन्ही पट्ट्यांत आहे, तो दोनदा वजा झाला. म्हणून ६ परत मिळवायचे. (१० − २) × (१० − ३) मध्ये तो तुकडा (−२) × (−३) चा आहे. त्याची किंमत +६ धरली नाही तर ८ × ७ चे उत्तर चुकते. हातात कात्री असलेल्या मुलाला नियमाची सक्ती इथे दिसते. कोणी सांगितले म्हणून मानण्याचा प्रश्न उरत नाही.

कर्जाचे उदाहरण या तासात टाळले. उधारी माफ होणे म्हणजे फायदा, हे वजाबाकीत छान बसते. पण कर्ज गुणिले कर्ज याला काही अर्थ नाही, आणि तो लावायचा प्रयत्न केला की फायदा कमी, गोंधळ जास्त. भागाकारातही चित्राची हद्द येते. −६ ÷ ३ म्हणजे सहा काळ्या तीन जणांत, −६ ÷ (−२) म्हणजे सहा काळ्यांत दोन काळ्यांचे किती गट. पण ६ ÷ (−२) चे सरळ चित्र नाही. तिथे "ऋण दोनला कशाने गुणले की सहा?" असा उलटा प्रश्नच विचारावा.

चौथी तासिका : चित्रे बाजूला

सोंगट्या समोर असेपर्यंत सगळे ठीक चालते. म्हणून चौथ्या तासाला त्या कपाटात. सुरुवातीला उदाहरण सोडवायचेच नाही, फक्त दोन गोष्टी सांगायच्या : क्रिया कोणती, संख्या कोणत्या. −३ − ५ ला "क्रिया वजाबाकी, संख्या ऋण तीन आणि धन पाच". (−३) × (−५) ला "क्रिया गुणाकार, संख्या दोन्ही ऋण". वीस उदाहरणे अशी तोंडी झाली, उत्तर सांगणाऱ्याला थांबवले. मग लांब उदाहरणे बेरजेत बदलून लिहायची : −६ − २ + ५ म्हणजे (−६) + (−२) + (+५). ऋणांची बेरीज −८, धन ५, उत्तर −३. दहाव्या उदाहरणात त्या मुलीचे १३ आले होते ते पहिल्या दोन संख्यांमुळेच. कंस घातल्यावर तिथे "वजा वजा" असे जोडीने काही दिसतच नाही.

दोन आठवड्यांनी त्याच रचनेची, आकडे बदललेली चाचणी झाली. −५ − ४, −८ + (−६) आणि −९ − ३ + ४ ही तिन्ही त्या मुलीने बरोबर सोडवली. −५ − ४ च्या शेजारी पेन्सिलीने छोटी रिकामी रेषा होती. चूक एक निघाली, आणि ती नवी होती : (−७) × (−२) = −१४. "दोन्ही ऋण आहेत, म्हणून ऋण", हे तिचे कारण. बेरजेचा नियम आता गुणाकारात घुसला. हे होणार याचा अंदाज हवा. एका क्रियेवर सलग काम केले की दुसरीवर त्याची सावली पडतेच. पुन्हा सगळा पाठ घेण्याची गरज नव्हती. तिला आलेख कागदाचा तोच तुकडा देऊन, दोनदा रंगवलेल्या कोपऱ्याकडे बोट दाखवून "हा वजा करायचा की परत द्यायचा?" एवढेच विचारले.

त्यानंतर महिनाभर रोज गणिताच्या तासाच्या सुरुवातीला तीन उदाहरणे फळ्यावर : एक बेरीज, एक वजाबाकी, एक गुणाकार, तिन्हींत आकडे तेच. −४ + (−२), −४ − (−२), (−४) × (−२). उत्तरे −६, −२, ८. आकडे सारखे असल्यामुळे मुलाला चिन्हे मोजून सुटका नसते, क्रिया वाचावीच लागते. घरी करून घेणाऱ्या पालकांनीही याच तिकडीपासून सुरुवात करावी. मूल अडले तर आधी बेरीज सोंगट्यांवर, मग वजाबाकी जेवढे काढायचे तेवढ्या जोड्या आणून, आणि गुणाकार सर्वांत शेवटी, वेगळ्या दिवशी.